बिस्किटाच्या पुड्यावरचे गाव

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



वाचायला आल्यावर तुम्ही पहिल्यांदा काय वाचलेत? कोणी एस.टी.ची पाटी वाचली असेल. कोणी सात-बाराचा उतारा समोर धरून त्यात आपल्या बापाचे नाव शोधले असेल. कोणी दुकानात उभे राहून पुड्यांवरची नावे वाचली असतील. त्यातला एक पुडा तर घराघरात ठाऊक आहे. चहात बुडवून खायचे ते बिस्किट. त्याच्यावर नाव असते पार्ले. तुम्हांला वाटेल, हे मालकाचे नाव असेल. तसे नाही. पार्ले हे एका गावाचे नाव आहे. ते गाव मुंबईत आहे. आज त्या गावाची हकीकत सांगायची आहे.

मुंबई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे गर्दी येते. उंच इमारती येतात. पण मुंबई म्हणजे पुष्कळ गावांची मोट आहे, बरे का. जुनी मुंबई दक्षिणेकडच्या लहान बेटांची. माहीमच्या खाडीपलीकडे दुसरे मोठे बेट. त्याचे नाव साष्टी. वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी, बोरिवली ही सगळी गावे साष्टीतली. शहराच्या शेजारी राहून शहराबरोबर वाढते त्या वस्तीला उपनगर म्हणतात. पार्ले हे असे एक लहान उपनगर.

पुरे नाव विलेपार्ले. ते कसे पडले याविषयी दोन गोष्टी सांगतात. कोणी म्हणतात, विर्लेश्वर आणि पार्लेश्वर अशी दोन देवळे होती, त्यांवरून पडले. कोणी म्हणतात, इडले आणि पाडले अशा दोन पाड्यांवरून पडले. आपल्या गावाच्या नावाच्याही अशा दोन-तीन गोष्टी असतातच. पार्लेश्वराचे देऊळ मात्र आजही पार्ल्यात आहे.

साष्टीत राज्ये पुष्कळ झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. पुढे चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी घेतली, आणि १७३९ साली वसईचा किल्ला सर केला. मग १७७४ साली इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी बळकावली. राजे बदलले तरी शेत नांगरणारा तोच राहिला. साष्टीची जमीन भाताची. खाडीच्या कडेला खाजणे आणि मिठागरे. समुद्राच्या बाजूला, जुहूकडे, माडाची झाडे. राहणारे कोळी, आगरी, कुणबी, भंडारी. आणि ख्रिस्ती झालेले जुने रहिवासी. या ख्रिस्ती मंडळींनी १८८७ साली स्वतःला ईस्ट इंडियन असे नाव घेतले. नाव इंग्रजी, पण घरातली बोली मराठीच. लग्नात हळद लावणे, ओव्या गाणे हे त्यांच्यात आहे. देव बदलला तरी माती बदलत नाही.

अशा या भातशेतीच्या गावाचे उपनगर कसे झाले? त्याला मुख्यतः दोन कारणे. एक रस्ता, दुसरे रोग.

आधी रस्त्याचे सांगतो. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. माणसे होडीने पलीकडे जात. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे बुडत. सरकार तिथे बंधारा घालायला पैसे देईना. तेव्हा जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याच्या पत्नी, लेडी आवाबाई, पुढे आल्या. त्यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. त्या काळचे दीड लाख, हे लक्षात घ्या! आणि वर अट घातली, की या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्याकडून पट्टी घ्यायची नाही. १८४५ साली तो रस्ता खुला झाला. त्यांचे नाव आजही त्या रस्त्याला आहे. पुढे रेल्वे आली. १८६७ साली विरारहून मुंबईला रोजची लोकल गाडी सुरू झाली. तेव्हा ती दिवसातून एकदाच जाई आणि एकदाच येई. आज तिच्यावर लाखो माणसांचे पोट चालते.

पण नुसता रस्ता झाला म्हणून कोणी घर सोडून शेतात राहायला येत नाही. त्याला धक्का लागतो. तो धक्का प्लेगने दिला. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, उंदीर. रोज माणसे मरू लागली. लोक मुंबई सोडून पळाले. कोकणातली माणसे कोकणात परतली, घाटावरची घाटावर. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पणजीने सांगितलेल्या प्लेगच्या गोष्टी असतील. गावाबाहेर झोपड्या घालून लोक राहत, त्या गोष्टी. तेव्हा सरकारने १८९८ साली शहर सुधारायला एक मंडळ नेमले. त्याने रुंद रस्ते काढले. दादर, माटुंगा इकडे नवी वस्ती आखली. कारकून, मास्तर, वकील अशा लोकांना कळून चुकले की उजेड आणि वारा यांची किंमत पैशांत होत नाही. ते गाडीने आणखी उत्तरेला सरकले. वांद्रे झाले, सांताक्रूझ झाले, पार्ले झाले.

आता तुम्ही विचाराल, या लोकांना जमीन कोणी दिली? ज्याची होती त्याने विकली. पण ज्याची होती म्हणजे कोणाची? हा प्रश्न नीट समजून घ्या. साष्टीतली कितीएक गावे कंपनी सरकारने मुंबईच्या धनिकांना इनाम म्हणून किंवा खोतीने दिली होती. म्हणजे नांगर एकाचा आणि कागद दुसऱ्याचा. पिढ्यान्‌पिढ्या भात लावणारा म्हणे, जमीन माझी. दप्तर म्हणे, तुझी नाही. असे जिथे होते तिथे जमिनीला भाव आला तेव्हा पैसा कागदवाल्याकडे गेला. ज्यांच्या नावावर स्वतःची खाचरे होती त्यांना पैसा मिळाला. पण एकरकमी पैशाचा स्वभाव तुम्हांला ठाऊक आहे. तो पाहुण्यासारखा येतो. एक लग्न होते, घरावर कौले चढतात, जुने देणे फिटते, की तो निघाला. शेत मात्र दरसाल भात देत होते. सगळ्यांचे असेच झाले असे आम्ही म्हणत नाही. काहींनी चाळी बांधल्या, भाडे खाल्ले, मुले शिकवली. पण मुंबईच्या उपनगरांत जुनी गावठाणे शोधा. उंच इमारतींच्या मध्ये दडलेल्या अरुंद गल्ल्या, जुनी लाकडी घरे, क्रूस, लहान देऊळ. भोवतालची सगळी जमीन एकेकाळी त्यांच्या शेतीची होती. आता दारात खाट टाकायला जागा नाही.

हे आम्ही मुद्दाम लांबवून सांगितले. आज पुणे, नाशिक, नागपूर, कोणतेही मोठे शहर घ्या. त्याच्या शेजारच्या गावांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत आहेत. तुमच्यातल्या काहींच्या ओट्यावर दलाल बसून चहा पिऊन गेले असतील. विकणे वाईट असे आम्ही म्हणणार नाही. अडचण ज्याची त्याला. पण कागद आधी स्वतः वाचा. अंगठा द्यायचे दिवस गेले ना तुमचे?

बरे, आता पार्ल्यात नवे लोक आले. हे एकमेकांना अनोळखी. कोणी रत्नागिरीचा, कोणी पुण्याचा, कोणी गुजरातेतला. गावात जन्मलेल्याला शेजारी आयता मिळतो, भावकी आयती मिळते, देवळाचा पार आयता मिळतो. उपनगरात आलेल्याला यातले काही नसते. सकाळी गाडी पकडायची, संध्याकाळी परत यायचे. सुरुवातीला पाणी विहिरीचे, दिवा रॉकेलचा. रात्री रस्त्यावर अंधार. अशा वस्तीत माणसे नुसती झोपायला येतात. तिला गाव म्हणत नाहीत. पार्ल्याच्या लोकांनी गाव कसे केले, हे पाहण्यासारखे आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळक वारले. देश हळहळला. ठिकठिकाणी सभा झाल्या, ठराव झाले. सभा होते, हार घालतात, लोक घरी जातात. पार्ल्याच्या लोकांनी तेवढ्यावर भागवले नाही. त्यांनी १९२१ साली टिळकांच्या नावाने शाळा काढली. पार्ले टिळक विद्यालय. मुले मोजकीच होती. तरी शाळा सुरू झाली. त्याच साली पार्ल्यात एक राष्ट्रीय शाळाही निघाली. सरकारी शाळेत जायचे नाही, आपली शाळा आपण चालवायची, असा तो काळ होता. ही राष्ट्रीय शाळा पुढे १९३४ साली विलेपार्ले केळवणी मंडळाने चालवायला घेतली. केळवणी हा गुजराती शब्द आहे. अर्थ शिक्षण. म्हणजे मराठी आणि गुजराती दोघांनीही एकाच गावात आधी काय उभे केले? शाळा.

आम्ही जन्मभर मास्तरकी केली. म्हणून शाळेचे कौतुक आम्हांला जरा जास्त, हे खरे. पण शाळेत एक गुण आहे. ती मुलांना शिकवते आणि आईबापांना एकत्र आणते. फीचा प्रश्न, छपराचा प्रश्न, स्नेहसंमेलन, बक्षिसे. अनोळखी माणसे यानिमित्त एका सतरंजीवर बसतात. मग कोण कोणाचा कोण हे कळते.

शाळेपाठोपाठ १९२३ साली लोकमान्य सेवा संघ निघाला. त्याच्या जागेला लोक टिळक मंदिर म्हणतात. नाव मंदिर, पण आत जाऊन लोक पुस्तके घेतात, व्याख्यान ऐकतात. संघाने ग्रंथालय चालवले. वसंत ऋतूत व्याख्यानमाला चालवली. गणपती बसवला. मुलांसाठी, बायकांसाठी, म्हाताऱ्यांसाठी वेगवेगळी कामे काढली. शंभर वर्षे उलटली तरी हा संघ आहे.

शंभर वर्षे संस्था चालते म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्या गावात तरुण मंडळ निघते. पहिल्या वर्षी मोठा मांडव. दुसऱ्या वर्षी पैशावरून कुरबुर. तिसऱ्या वर्षी दोन मंडळे! मग जी संस्था टिकते ती कशाने टिकते? त्यात जादू नाही. सभासद होतात. वर्गणी देतात. वर्गणीची पावती मिळते. वर्षाकाठी सभा भरते, जमाखर्च वाचून दाखवतात. ज्याला शंका असेल तो उठून विचारतो. पदावर बसलेला माणूस उतरतो आणि दुसरा बसतो. आधीच्याने लिहिलेली वही पुढच्याला मिळते. काम कंटाळवाणे आहे. त्यात हारतुरे नाहीत. पण वही नीट ठेवली की माणूस गेला तरी काम राहते. आणि वही ठेवायला काय लागते? लिहिता-वाचता यावे लागते. पार्ल्यातले लोक कारकून होते, मास्तर होते. दिवसभर कचेरीत साहेबाच्या वह्या लिहीत. संध्याकाळी येऊन आपल्या गावाच्या लिहू लागले.

याच गावात पु. ल. देशपांडे लहानाचे मोठे झाले. ते १९१९ साली जन्मले, पार्ले टिळक विद्यालयात शिकले. पुढे सगळ्या महाराष्ट्राला त्यांनी हसवले. रेडिओवर त्यांना तुम्ही ऐकले असेल. व्याख्याने, गाणी, नाटके असे सतत कानावर पडणाऱ्या गावात तो मुलगा वाढला.

आता १९३० साल. त्याआधी १९२४ साली गांधीजी तुरुंगातून सुटल्यावर आजारातून बरे होण्यासाठी जुहूला समुद्रकाठी राहिले होते. जुहू पार्ल्याला लागूनच. त्यामुळे हा परिसर त्यांच्या ओळखीचा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मीठ उचलले आणि कायदा मोडला. मुंबईकडच्या सत्याग्रहाची एक मोठी छावणी पार्ल्यात पडली. जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला अशी मोठी माणसे तिथे पुढारी होती. स्वयंसेवक मीठ तयार करीत. पोलीस पकडून नेत. दुसरे स्वयंसेवक त्यांच्या जागी येत. जमनालालजींना तर आरंभीच पकडले आणि तुरुंगात धाडले.

आपल्याला वाटते, सत्याग्रह म्हणजे पुढाऱ्यांची गोष्ट. पण छावणी म्हटली की तिला भाकरी लागते. पाणी लागते. निरोप नेणारा पोरगा लागतो. जखमीला पट्टी बांधणारा हात लागतो. शेजारी वस्ती जागी असल्याशिवाय छावणी टिकत नाही. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्यांची ही वस्ती. नोकरी जायची भीती प्रत्येकाच्या पोटात. तरी छावणी तिथे उभी राहिली. आज पार्ल्यात रस्त्यांवरच्या पाट्या वाचा. महात्मा गांधी, नेहरू, सुभाष, मालवीय, श्रद्धानंद. त्या लोकांचा ओढा कुणीकडे होता हे या पाट्याच सांगतात.

याच सुमारास गावात बिस्किटवाले आले. वलसाडजवळच्या पारडीचे मोहनलाल दयाळ चौहान हे मुंबईत आले ते शिवणकाम शिकत. कपड्यांच्या धंद्यात पुढे आले. स्वदेशीचे वारे होते. गोळ्या आणि बिस्किटे तेव्हा विलायतेची येत, आणि ती साहेबांनी आणि श्रीमंतांनी खायची. मोहनलाल जर्मनीला गेले, गोळ्या करायची कृती शिकले, यंत्रे घेऊन आले. १९२९ साली पार्ल्यात कारखाना काढला. सुरुवातीला कामाला बाराच माणसे. आधी गोळ्या केल्या. बिस्किटे १९३९ पासून. कारखान्याला नाव दिले ते गावाचे.

ज्यांनी त्या काळी लोकलने प्रवास केला त्यांना एक गोष्ट आठवेल. पार्ले स्टेशन आले हे पाटी न वाचता कळे. भाजलेल्या बिस्किटांचा गोड वास डब्यात शिरे. आम्हीही तो घेतलेला आहे. निरक्षर माणसालाही उतरायचे स्टेशन नाकाने समजे! मात्र हा कारखाना २०१६ साली बंद झाला. तिथले उत्पादन कमी होत गेले होते. सुमारे ३०० कामगारांनी पैसे घेऊन निवृत्ती पत्करली. बिस्किटे आता दुसरीकडच्या कारखान्यांत होतात. पुड्यावर नाव गावाचेच आहे, पण गावात भट्टी नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. ५ जानेवारी १९२८ ला या मार्गावर विजेची गाडी धावू लागली. १९२९ साली उपनगरांना वीज देणारी कंपनी निघाली. जुहूला १९२८ साली विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन स्वतः विमान चालवीत तिथेच उतरले. एप्रिल १९५० मध्ये जोगेश्वरीपर्यंतची गावे मुंबई महापालिकेत आली. म्हणजे तेव्हापासून पार्ले कागदोपत्रीही मुंबई झाले. शाळावाल्या संस्थेने १९५९ साली कॉलेजही काढले.

आताचे पार्ले कसे आहे? बंगल्या आणि दोन मजली चाळी बहुतेक गेल्या. त्यांच्या जागी इमारती आल्या. विमानतळ शेजारी असल्यामुळे इमारतींच्या उंचीला मर्यादा आहे. नाहीतर त्या आणखी वर गेल्या असत्या. विमानतळाच्या कडेने झोपडपट्ट्या वाढल्या. पार्ल्यातली धुणीभांडी, भाजी, रिक्षा हे सगळे ज्यांच्या जिवावर चालते ती माणसे तिथे राहतात. त्यांतली पुष्कळशी आपल्यासारख्या गावांतून गेलेली. त्यांना टिळक मंदिराचे दार किती उघडे वाटते, हे त्यांनाच विचारले पाहिजे. कारकून आणि मास्तर यांना आज पार्ल्यात घर घेणे परवडत नाही. ज्यांच्या आजोबांनी शाळेसाठी वर्गणी गोळा केली त्यांची नातवंडे बोरिवलीला, दहिसरला, विरारला गेली. भातवाल्याला कारकुनाने सरकवले होते. आता कारकुनाला लाखोपतीने सरकवले. आधीच्या सरकवलेल्यांचे कोणी लिहून ठेवले नाही, कारण त्यांच्यात लिहिणारे थोडे होते. दुसऱ्यांचे पुष्कळ लिहिलेले सापडते.

मुंबईभर मराठी शाळांतली मुले कमी झाली आहेत. कितीएक शाळा बंद पडल्या. पार्ले टिळक विद्यालयाच्या संस्थेने इंग्रजी शाळाही काढली. पण मराठी शाळा बंद केली नाही. ती चालू आहे.

तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची लेक मुंबईला असेल. कधी जाणे झाले तर दादरहून पश्चिम रेल्वेच्या धिम्या गाडीत बसा. जलद गाडीत बसू नका, ती तिथे सहसा थांबत नाही. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, सांताक्रूझ आणि मग विलेपार्ले. पाटी मराठीतही आहे. पूर्वेला उतरा आणि टिळक मंदिर कुठे म्हणून कोणालाही विचारा.